गावातल्या आयांनी एकत्र येऊन सुरुवात कुठून करायची? मोर्चाच्या आधी ग्रामसभेची वही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. यवतमाळ जिल्ह्यातलं लहान गाव, तुम्ही दहा-बारा जणी, सगळ्यांची पोरं गावच्या जिल्हा परिषद शाळेत. शाळेच्या वाटेवर देशीचं दुकान, त्याच्या मागच्या गल्लीत मोहाची पण विकते, नळाला चार दिवसाआड पाणी. ग्रामसभेत गेल्या तर "बायका कायले आल्या इथं" म्हणून माणसं हसली. बचत गटाच्या बायकांना पक्षाचे लोक गाडीत भरून सभेला नेतात पण गावच्या कामात कोणी विचारत नाही. आणि तुम्ही विचारलं की मोर्चा काढावा का, एखाद्या पक्षात जावं का, निवडणूक लढवावी का.

मी यवतमाळ-वर्धा पट्ट्यात बचत गटाची सहयोगिनी म्हणून बरीच वर्षं फिरली, नंतर आमच्या गावात एक टर्म ग्रामपंचायत सदस्य पण होती. त्यावरून सांगते. मोर्चा शेवटी ठेवा. पहिलं काम म्हणजे ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या ठरावांच्या वहीत, तुमचा ठराव तुमच्या शब्दात लिहून घेणं. तहसील असो, पंचायत समिती असो, उत्पादन शुल्कवाले असो, पोलीस स्टेशन असो, कुठंही गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, ठराव आहे का? दोनशे बायका घेऊन गेल्या आणि ठराव नसला तर निवेदन घेतात, फोटो काढतात आणि घरी पाठवतात. दोघीच गेल्या पण हातात ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल असली तर साहेबाला त्याच्यावर काहीतरी लिहावंच लागते.

आता कायद्यात काय आहे ते बघा. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात, म्हणजे १९५८ च्या, नियमित ग्रामसभेच्या आधी फक्त महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ही कोणाची मेहरबानी नाही. पण बहुतेक गावात ती कागदावरच होते, शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतो, "मावशी इथं सही करा", आणि सभा झाली! म्हणून तुमचं पहिलं पाऊल इतकंच, की ही सही बंद करायची. दहा घरात ठरवा की सभा झाल्याशिवाय सही नाही. शिपायाशी भांडू नका, तो बिचारा सांगितलेलं काम करतो, त्याला फक्त सांगा की सभा कधी आहे ते सांग, आम्ही तिथं येऊन सही करतो. हे इतकं जरी केलं ना, तरी दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाचा फोन येते. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण गावात ग्रामसेवकच चालते.)

मग खरी सभा. इथं मी थोडं सविस्तर सांगते कारण सगळा खेळ इथंच होतो. रजिस्टरमध्ये आधी हजेरीच्या सह्या घेतात, त्याच्यानंतर विषय, मग ठराव, खाली सूचक कोण, अनुमोदक कोण, सर्वानुमते मंजूर. बऱ्याच ठिकाणी सह्या सभेत होतात पण ठराव मागाहून लिहिले जातात, निवांत, तालुक्याच्या ठिकाणी बसून. तुम्ही बोलल्या दारूच्या दुकानाबद्दल आणि वहीत आलं की "गावातील विविध समस्यांवर चर्चा करण्यात आली". विविध समस्यांवर चर्चा! त्या एका वाक्यात तुमचं वर्षभराचं काम बुडते. म्हणून घरून येतानाच ठराव कागदावर लिहून आणायचा, पाच-सहा ओळींचा. आठ दिवस आधी तोच विषय अर्ज म्हणून ग्रामपंचायतीत द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, सही-शिक्का घ्यायचा. ही पोच नसली तर "विषयपत्रिकेत नव्हता" हे उत्तर तयार असते. सभेत तो कागद वाचायचा, ग्रामसेवकाला तिथंच वहीत उतरवायला लावायचा, आणि उतरवल्यावर परत मोठ्यानं वाचून घ्यायचा. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून घ्या, ठराव आणि सह्यांच्या मधात मोकळी जागा सोडू देऊ नका. मग मोबाईलमध्ये पानाचा फोटो. अंगठेवाल्या म्हाताऱ्या असतात त्यांच्या अंगठ्याशेजारी नाव तुमच्यातलीच एखादी लिहील, दुसऱ्याला लिहू देऊ नका. हे सगळं करताना आवाज चढवायची गरज पडत नाही, "भाऊ, वाचून दाखवा ना एकदा" इतकं म्हणायचं आणि उठायचं नाही.

कोरमचं पण माहीत असू द्या. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तितके लागतात. सहाशे मतदारांच्या गावात ९० झाले. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला कोरमची अट राहत नाही, आणि गडबडीचे ठराव नेमके त्या तहकूब सभेत पास होतात, दहा माणसं बसून. म्हणजे पहिल्या सभेपेक्षा तहकूब सभेला जाणं जास्त महत्त्वाचं आणि बायका तिथंच जात नाहीत.

आता कामाचं वेळापत्रक. ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या तारखा शेतात राबणाऱ्या बाईच्या सोयीनं ठरलेल्या नाहीत. १५ ऑगस्टला आपल्याकडं निंदण चालू असते, तिकडं भंडारा-गोंदियाकडं धानाची रोवणी कुठं संपत आलेली तर कुठं चालूच असते. १ मे ला गडचिरोली-चंद्रपूरकडल्या बायका पहाटेपासून तेंदूपत्त्यात. २ ऑक्टोबरला सोयाबीन सोंगणी, मजुरी सोडून कोण येईल? आणि गावाचा पुढच्या वर्षीचा विकास आराखडा नेमका तेव्हापासून बनायला लागतो. म्हणून दोन गोष्टी करा. एक, महिला सभेची वेळ दुपारची नको, संध्याकाळची मागा, स्वयंपाक आटोपल्यावरची, आणि ते पण अर्जातच लिहा. दुसरी, तुमची खरी तयारी जानेवारीत करा.

जानेवारीच का, तर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात घरोघरी हळदीकुंकू असते. या दिवसात बाई घराबाहेर निघाली तर कोणी विचारत नाही कुठं चालली. आणि बहुतेक वर्षी मधातच २६ जानेवारी येते. म्हणजे दहा दिवसात तुम्ही सगळ्या मोहल्ल्यात जाऊन, वाण घेता घेता, ठरावावर बोलू शकता. पण एक अट माझ्याकडून आहे आणि त्याच्यावर मी ठाम आहे. विधवा बाईला बाहेर ठेवून हे करू नका. आपल्या भागात किती घरात नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला हे तुम्हाला सांगायची गरज नाही, आणि त्याच घरची बाई एकटी शेती करते, बँकेत भांडते, सातबारासाठी तलाठ्याकडं चकरा मारते, ऑफिसचा जितका अनुभव तिला आहे तितका तुमच्यापैकी कोणाला नसेल. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव घेतला, नंतर सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुम्ही पण तिळगूळ मेळावा म्हणा, वाण सगळ्यांना द्या, पहिलं वाण त्या बाईला द्या. सुरुवातीला एखादी सासू नाक मुरडेल. मुरडू द्या.

जागेचं पण तसंच. पाटलाच्या ओसरीवर बसल्या तर बौद्ध वस्तीतली बाई येणार नाही, आली तरी दाराशी बसेल. देवळात बसल्या तर तेच. शाळेचं आवार किंवा अंगणवाडी बघा, तिथं कोणी कोणाचा पाहुणा नाही. तुमच्या गावाला कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, लागून असेल तर एक बैठक पोडावर जाऊन घ्या, त्यांना बोलावून नाही. कापूस वेचणीच्या टोळीत सगळ्या जातीच्या बायका एका धुऱ्यावर शिदोरी सोडतात, तिथं जे बोलणं होते ते बैठकीपेक्षा खरं असते, म्हणून टोळी जमवणारी जी बाई असते तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. ती बोलली की पंधरा जणी येतात.

विषय कोणता घ्यायचा? तुमच्या मनात दारू पहिली आहे हे मला कळते, पण पहिला विषय शाळेचा घ्या असं माझं मत आहे. कारण शाळेत तुमचा हक्क आधीच लिहिलेला आहे आणि आई पोराच्या शाळेसाठी बोलते याला गावात कोणी वाईट म्हणत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत कमीत कमी तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि समितीत निम्म्या बायका पाहिजेत. आता तुमच्या शाळेच्या भिंतीवर समितीची नावं लिहिली असतील ती वाचा. त्यातल्या बायकांना विचारा की तुम्ही समितीत आहात हे माहीत आहे का? अर्ध्या जणींना माहीत नसते, खरं सांगते. मग शिक्षक किती पाहिजेत ते पण कायद्यात आहे, पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोन, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. हजेरीपट बघा, पोरं मोजा, शिक्षक मोजा. कमी असेल तर समितीचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव दोन्ही जोडून गटशिक्षणाधिकाऱ्याकडं. आणि पट बरोबर असून चार वर्ग दोन गुरुजी सांभाळत असतील तर कायद्याप्रमाणं ते बसते, तिथं वेगळी मागणी करा, कंपाउंड, संडासात पाणी, आहारातल्या डाळीची क्वालिटी. जे मिळू शकते ते आधी मागा. पहिल्या सहा महिन्यात एखादी गोष्ट मिळाली पाहिजे, नाही तर बायका घरी बसतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, एक दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते ती.

पाण्याचा विषय आला की "फंड नाही" म्हणतील. तेव्हा ई-ग्रामस्वराज, म्हणजे ग्रामपंचायतीच्या हिशोबाचं सरकारी पोर्टल, उघडा, मोबाईलवर, दहावीतली पोरगी पण काढून देते, तुमच्या ग्रामपंचायतीला किती आले आणि कशावर गेले ते दिसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात २०२१ ते २०२६ साठी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. रक्कम लहान असते पण हा प्रश्न सभेत विचारला की पुढचे प्रश्न लोक गंभीरपणे घेतात. "यंदाचे दहा टक्के कुठं गेले?" बस. आणि त्याचं उत्तर पण वहीत लिहून घ्या.

आता दारू. इथं मोहाची आणि देशीची गल्लत करू नका, दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत. मोहाची विक्री बेकायदेशीरच आहे, तिच्यासाठी कुठलं मतदान लागत नाही. दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, पोलीस आणि उत्पादन शुल्क दोघांनाही कारवाईचा अधिकार आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेतून ग्रामरक्षक दल बनवायची सोय आहे. दल बनवताना त्यात बायकांची नावं ठरावातच लिहा. स्वतः जाऊन भट्टी फोडायच्या मागं लागू नका, मारामारी होते, उलट तुमच्यावरच केस लागते. तक्रार लेखी, पोच घ्या, आणि विकणारी जर गावचीच विधवा बाई असली, जे पुष्कळदा असते, तर तिच्या पोटापाण्याचं आधी बोला, गटातून शेळीचं कर्ज म्हणा की आणखी काही. तिला रस्त्यावर आणून गाव सुधारत नाही.

देशीचं परवान्याचं दुकान मात्र मतदानानं बंद होऊ शकते, तेच आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणं गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनी मागणी करायची, सह्या पडताळतात, मग गुप्त मतदान, उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. आणि इथं खरी मेख आहे ती नीट समजून घ्या. झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत ६०० बायका आहेत, तर ३०१ पाहिजेत. पण त्या सहाशेत लग्न होऊन गेलेल्या पोरी आहेत, वारलेल्या म्हाताऱ्या आहेत, पुण्याला कंपनीत गेलेल्या आहेत. अशी शंभर नावं असली तर ३०१ मतं तुम्हाला पाचशेतूनच काढायची आहेत, आणि न आलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूनंच मोजल्या जाते. मी पाहिलेली बरीच मतदानं इथंच हारली, गावात एकी असून हारली.

म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी हातात घ्या. एकेक गल्ली दोघींना वाटून द्या. वारलेल्या आणि कायमच्या गेलेल्यांसाठी फॉर्म ७, नवीन अठरा पूर्ण झालेल्या पोरींसाठी फॉर्म ६, आणि ज्या सुना लग्न होऊन आल्या पण नाव अजून माहेरीच आहे त्यांचा फॉर्म ८. बीएलओ, म्हणजे गावच्या मतदार यादीचं काम बघणारी, बहुतेक तुमच्या ओळखीचीच असेल, अंगणवाडी ताई नाही तर गुरुजी. या कामाला तीन-चार महिने लागतात, कंटाळवाणं आहे, कोणी टाळ्या वाजवत नाही. पण यातून दुसरा फायदा असा की यादी फिरवता फिरवता तुम्हाला प्रत्येक घर माहीत होते, कोणाचा नवरा पिऊन मारते, कोणाची पोर शाळा सोडून बसली, कोणाच्या घरी अजून रेशन कार्डावर नाव नाही. संघटना म्हणतात ती अशीच बनते.

चंद्रपूरचं उदाहरण सगळे देतात म्हणून बोलते. तिथं बायकांनी फार मोठं काम केलं, २०१० मध्ये श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामींसोबत चिमूरहून पायी नागपूर अधिवेशनावर गेल्या, शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव दिले, १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी झाली. आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. वर्धा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा जिल्हा, गडचिरोली १९९३ पासून, तिथं बंदी टिकली आहे पण चोरून विकणारे तिथंही आहेतच. मला यातून असं दिसते की जिल्ह्याचा निर्णय मुंबईत होते आणि मुंबईतच बदलते, गावातलं दुकान बंद ठेवायची ताकद गावातच लागते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावचे लोक म्हणतात ना, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात, बायका-माणसं सगळी बसून, एकाचा पण विरोध असला तर विषय पुढं ढकलतात. सगळ्याच गावात ते जमेल असं मी म्हणत नाही पण तुमच्या दहा-बारा जणींच्या गटात जमेल, तिथं मतदान घेऊ नका, बोलून बोलून एकमत करा.

पक्षाचं विचारलं. तुमच्यातली कोणी कुठल्या पक्षात असली तर असू द्या, तो तिचा हक्क आहे. पण गट म्हणून कोणाच्या गाडीत बसू नका आणि गटाचा फोटो कोणाच्या बॅनरवर जाऊ देऊ नका. बचत गटाचं रजिस्टर, पैसा, कर्ज हे सगळं या कामापासून वेगळं ठेवा, नाही तर उद्या भांडण झालं की पहिला हप्ता थांबते. मात्र ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या बचत गटांच्या संघाच्या, नावानं मागण्या ग्रामसभेत देता येतात, उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानात त्याचा रीतसर आराखडाच असते, व्हीपीआरपी म्हणतात, तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात जोडायचा असते. तुमच्या सीआरपीला, म्हणजे उमेदचं काम बघणाऱ्या गावातल्या ताईला, विचारा यंदाचा भरला का, आणि भरताना तिच्याजवळ बसा. आणि हो, "सभेत बोलली तर लाडक्या बहिणीचे १५०० बंद होतील" असं जर कोणी पसरवत असलं तर सगळ्यांसमोर उभं राहून सांगा की हे खोटं आहे, ग्रामसभेत बोलल्यानं कोणाचा लाभ बंद होत नाही. ही भीती फार खोल जाते, तिला लगेच उत्तर द्यावं लागते.

निवडणूक लढवा. पण एका वर्षानंतर. २०११ पासून आपल्याकडं ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, म्हणजे बाई निवडून येणारच आहे, प्रश्न इतकाच की कोणाची निवडलेली बाई. खुर्चीवर ती आणि कारभार नवऱ्याचा, हे तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण आरक्षण यायच्या आधी, १९८९ च्या सुमारास, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीतून आपल्याच यवतमाळच्या मेटीखेड्यात, वर्ध्याच्या येनोऱ्यात बायकांचं पूर्ण पॅनल निवडून आलं होतं. त्या आपल्यासारख्याच शेतात जाणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या आधी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं बायकांचं मोठं अधिवेशन झालं, मग लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांनी बायकांच्या नावानं जमिनी केल्या. म्हणजे काम आधी, उमेदवारी मागून. तुम्ही पण आधी एक वर्ष सभा चालवून बघा, त्यात जी बाई धमकी आली तरी दुसऱ्या दिवशी परत आली ती तुमची उमेदवार. फॉर्म भरायच्या आधी तिचे कागद बघून घ्या, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असलं तर चालत नाही, १ जानेवारी १९९५ नंतरचा जन्म असला तर सातवी पास लागते, घरी संडास आणि त्याचा वापर लागते, सरकारी जागेवर अतिक्रमण नको, राखीव जागा असली तर जात पडताळणी. यातली एक गोष्ट राहिली तर निवडून आलेली बाई पण घरी बसते.

घरच्या विरोधाबद्दल तुम्ही लिहिलं नाही पण तो असेलच. सासूला आधी आणा. खरंच. म्हातारी बाई सभेत पुढं बसली की मागं बसलेल्या सुनेला कोणी उठवत नाही, आणि दारूनं पोरगं गेलेली आई जे बोलते त्याच्यापुढं सरपंच पण मान खाली घालते.

२६ जानेवारीच्या महिला सभेसाठी ठरावाचा मसुदा देऊन ठेवते, नाव-गाव बदलून घ्या: "गावातील जिल्हा परिषद शाळेच्या मुलींच्या संडासाला नळजोडणी नाही. ती चालू आर्थिक वर्षात, पाणी व स्वच्छतेच्या निधीतून करण्यात यावी. कामाचा अंदाजित खर्च आणि काम पूर्ण करण्याची तारीख पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावी. या ठरावाची प्रत गटविकास अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांना पाठवावी व पाठवल्याचा जावक क्रमांक येथेच नोंदवावा." खाली सूचक आणि अनुमोदक, दोघीही वेगवेगळ्या मोहल्ल्यातल्या घ्या. जावक क्रमांकाची ओळ कोणी गाळायला सांगितली तरी गाळू नका, पंचायत समितीत विचारायला गेल्यावर कागद त्याच नंबरवरून सापडते.